रडणारा उमेदवार

प्रिय भिंगरे,

आता तुला सगळे ‘वहिनीसाहेब’ म्हणतात, पण माझ्या जिभेला ते वळण नाही. मंत्र्याची बायको झालीस तरी माझ्या खोलीतला निम्मा पलंग अडवून लोळणारी, उसवलेल्या बाहीला टाचणी लावून कामावर पळणारी भिंगरीच तू.

तुझं आत्मचरित्र आपल्याच छापखान्यात आलंय. प्रूफं तपासायला माझ्याकडेच आहेत, अजून डोळे शाबूत आहेत ना! घड्याळजीची मुलगी, घरात सतरा घड्याळं आणि शाळेला रोज उशीर, ते झकास लिहिलंयस. खूप हसले. मग लग्नाचं प्रकरण आलं आणि जळून खाक झाले. खोटं कशाला बोलू? सत्तावीस वर्षं जळतेच आहे. पेपरात तुमचा जोडीचा फोटो आला की आधी तुझ्या सुरकुत्या शोधते.

तू लिहिलंयस, नवऱ्याच्या पहिल्या निवडणुकीच्या पत्रकात ‘लढणारा उमेदवार’ऐवजी ‘रडणारा उमेदवार’ छापलं गेलं, चूक तुझी होती, ते भांडायला आले आणि प्रेमात पडले.

अगं बाई! चूक तुझी? ते प्रूफ मी वाचलं होतं. मालक लालबुंद होऊन ओरडले तेव्हा माझी दातखीळ बसली. बाबा अंथरुणाला खिळलेले, माझी नोकरी गेली असती तर आम्ही खाल्लं काय असतं? तू उठून म्हणालीस, मी वाचलं. एवढी थोर तू, म्हणून धड रागावताही येत नाही मेलं. भांडायला आलेला तो भांडण विसरून तुझ्याकडे बघतच राहिला. पुढे महिनाभर पत्रकांच्या निमित्ताने रोज यायचा. माझ्या हातून पुन्हा एकही चूक झाली नाही आणि त्याने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

तुला कधी प्रश्न पडला नाही का गं, जिला सगळे ‘खोडरबर’ म्हणायचे तिच्या नजरेतून एवढा ढळढळीत शब्द सुटला कसा? मी कागदाकडे बघतच नव्हते. पत्रकासाठी थांबलेला तो काउंटरपाशी उभा राहून शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत होता.

पान एकशे बारावर मी पेन्सिलीने खूण केली आहे. लेखिकेला विचारल्याशिवाय शब्द बदलायचा नाही, हा आपला नियम तुला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र. नवरा तुझा, तुलाच लखलाभ. पण ती चूक माझी आहे, भिंगरे. तेवढी मला परत देशील?

तुझीच,
खोडरबर