आपल्या घरचं पित्त

लाडक्या धाकटीस,
ताईचे खूप आशीर्वाद.

मी बरी आहे, फक्त लवकर दमते. लेकीचा खोकला थांबला का?

इथल्या डॉक्टरीणबाईंनी आपला वंशवृक्ष लिहायला दिला. शाळेतल्या सिस्टरांनी गिरवून घेतलेल्या अक्षरात मी आजी, मावशी, आई, तिघींपुढे ‘पित्तानं गेली’ असं लिहिलं. डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, “अहो, पित्तानं एका घरातल्या तिघी जात नाहीत.”

तो पोटाचा कॅन्सर होता. त्याचा दोष रक्तातून उतरतो आणि तो माझ्यातही सापडला. गाठ अजून नाही, म्हणून आधीच जठर काढणार आहेत. मग चिमणीएवढं खाईन.

तुझ्यातही तो असण्याची शक्यता निम्मी आहे. आईसारखी तूही जेवणानंतर सोडा पितेस ना? आता रक्त तपासून घे, बाळा. तुझ्या नावापुढची जागा मी कोरी सोडली आहे.

तुझीच,
ताई