संदेश माणूस कसा आहे

३ मार्च
भाडं नाही. दुसरा महिना. संदेशचा फोन बंद. कोलशेतला जाऊन आले. त्याच्या घरभाड्याच्या एजन्सीचं शटर खाली, बोर्ड उतरवलेला. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, "त्याचं दिवाळं निघालं, मावशी. कोर्टात अर्ज पण टाकलाय." सहा वर्षं हा माझा फ्लॅट सांभाळतोय, आणि मला कळतंय ते झेरॉक्सवाल्याकडून.

४ मार्च
कोलशेतच्या माझ्या फ्लॅटवर गेले. भाडेकरू नीता. तिला म्हटलं, भाडं आता थेट माझ्याकडे. ती बघतच राहिली. "काकी, आम्ही भाडं कुठे देतो? हेवी डिपॉझिटवर आहोत ना आम्ही." आठ लाख एकरकमी, भाडं शून्य, घर सोडताना आठ लाख परत. पैसे गेले संदेशच्या खात्यात. करार दाखवला, नोंदणी झालेला. त्यावर माझा फोटो, माझा अंगठा.
म्हणजे सव्वा वर्ष मला 'भाडं' म्हणून मिळत होतं ते त्याच आठ लाखांतलं. आणि मी मूर्ख, दिवाळीला त्याच्या घरी चिवडा पोचवला.

५ मार्च
आठवलं. करार करायला संदेश अंगठ्याची मशीन घेऊन घरीच आलेला. अंगठा उठेना. "मावशी, भांडी घासून रेघाच गेल्या तुमच्या." स्वतःच्या रुमालाने माझा अंगठा पुसला, परत परत दाबायला लावला. गॅसवर कुकर होता, माझं लक्ष तिकडे. स्क्रीनवर काय आहे ते वाचलं नाही. एकतीस वर्षं शाळेच्या ऑफिसात कारकुनी. मुख्याध्यापकांनाही कधी न वाचता सही करू दिली नाही मी.

८ मार्च
वकील. काय करता येईल ते सांगितलं. फ्लॅटचे व्यवहार बघायला त्याला दिलेलं अधिकारपत्र रद्द केल्याची नोटीस, पोलिसांत तक्रार, कोर्टात घेणेकऱ्यांच्या यादीत नाव. "पण ताई, अधिकारपत्र तुम्ही दिलंत. डिसेंबरात करार संपला की नीताचे आठ लाख तुम्हालाच द्यावे लागणार." नाहीतर ती घर सोडणार नाही. तिचं चुकत नाही. हे गेल्यावर त्यांच्या फंडातून घेतलेला फ्लॅट. माझ्याकडे दुसरं काही नाही.

२२ मार्च
नोटीस त्याच्या बाळकुमच्या घरून परत. शेरा: घर सोडून गेले. पोलीस म्हणतात, पत्ता आणा.
त्याने दारोदार खोली मागावी आणि कुणी उभं करू नये. देवासमोर बसून हेच मागितलं. लाज वाटली नाही.

९ एप्रिल
दुपारी अनोळखी नंबर. दिवा गावच्या कुणी भोईर वहिनी. "एक मानूस खोली बघून गेलाय. संदेश नावाचा. बोल्ला, कोलशेतच्या मावशीला इचारा मी कसा हाय ते."
माझं नाव दिलं मेल्याने. का देणार नाही? सहा वर्षं ज्याला त्याला मीच सांगत सुटले होते, मुलगा सोन्यासारखा आहे म्हणून.
म्हटलं, उद्या सांगते.
वाईट सांगितलं तर खोली जाते. मी मागितलेलं मिळतं, पण माणूस पुन्हा गायब. चांगलं सांगितलं तर तो तिथेच राहतो, आणि नोटीस, पोलीस, सगळे त्याच दारात. भाजी चिरताना गुणगुणत होते. किती दिवसांनी.

१० एप्रिल
सकाळी केला फोन. चांगला माणूस आहे, खोली द्या. जीभ अडखळली नाही. पत्ता लिहून घेतला, खोली नं. सकट.
वहिनी खूश. "बरा झाला बाय. माझ्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या हायत. तो बोल्ला, भाडेकरू मीच आनतो, कागद बी मीच करतो. उद्या दहाला अंगठ्याची मशीन घेऊन येनार हाय."
मी "वहिनी, ऐका" म्हणेपर्यंत त्यांनी फोन ठेवला.
वकिलांना पत्ता कळवला. ते म्हणाले, नोटीस पोचायला चार दिवस धरा. तोवर त्याला चाहूल लागता कामा नये.
वहिनींना सांगितलं तर त्या त्याला आजच हाकलतील, आणि तो पुन्हा गायब. त्या पण एकट्याच राहतात, बोलण्यात आलं.
चहा दोनदा केला, दोनदा निवला. नंबर समोर काढून ठेवलाय. अंगठा बटणापर्यंत नेते आणि परत घेते. मशीन उद्या दहाला.