खेळाचा डबा, त्यातली चिप आणि मागची खोली

मी, खाली सही करणारी, वय सत्तरीच्या पुढे, धंदा पूर्वी वकिलाच्या कचेरीत टंकलेखन व हल्ली निवृत्ती, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, धाकाशिवाय व आग्रहाशिवाय स्वतःच्या हाताने टाइप करीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हे वाक्य मी नोकरीत इतरांसाठी इतक्यांदा टाइप केले, की त्याच्या अर्थाकडे कधी लक्षच गेले नाही. माझ्या बाबतीत मात्र त्याला डॉक्टरांचा दाखला जोडावा लागला आहे. कारण कलम चारमध्ये येईल.

कलम १. माझे दिवंगत पती (यापुढे त्यांचा उल्लेख ‘हे’ असा येईल, हयातीतही तसाच येत असे) चष्म्याच्या दुकानात काचा घासत. मुलगा शाळेत असताना त्याचे निमित्त करून ह्यांनी टीव्हीला जोडायचा खेळाचा डबा घरी आणला. मुलाचे मन आठवड्यात उडाले. आमचे उडाले नाही. जेवणे झाली की आम्ही दोघे मोटारी पळवायचो. वळण आले की हे अंगानेही वळायचे आणि माझ्यावर येऊन आदळायचे.

ह्यांच्या मावसभावाने, जो बोटीवर नोकरीला होता, परदेशातून मासे पकडण्याच्या खेळाची एक तबकडी पाठवली. अगदी रीतसर दुकानातून घेतलेली. ती चालली नाही. या डब्याला आपल्या मुलखात विकलेलीच तबकडी लागते. परकी घातली की पडद्यावर लाल अक्षरांत नकार येतो. हे तरीही अधूनमधून ती घालून बघत. “बघू, आज स्वारी कशी आहे,” म्हणत. स्वारी तशीच असे. हे गेले, तबकडी राहिली.

कलम २. कोपऱ्यावरचे दुरुस्तीवाले यांच्याकडे मी डबा घेऊन गेले. ते म्हणाले, “आजी, आत एक चिप बसवली की तबकडी कुठली, हे विचारायचंच बंद करतो हा. पण या भंगाराला मी हात लावणार नाही.”

“चिप मिळेल ना?”

“मिळेल. पण बसवणार कोण?”

“मी.”

त्यांचे हसणे शेजारच्या सलूनमध्ये ऐकू गेले. तिथले एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी बघायला बाहेर आले. या हसण्याबद्दल दुरुस्तीवाले यांना मी या मृत्युपत्रान्वये काहीही देत नाही.

कलम ३. सोल्डरिंगचे आयर्न, त्याचे स्टँड, बारीक चिमटा, भिंग आणि उरलेली केसासारखी तार ही हत्यारे मी माझ्या विहीणबाईंना, म्हणजे सूनबाईच्या आईला, देत आहे. त्या पूर्वी इस्पितळात शस्त्रक्रियेच्या खोलीत परिचारिका होत्या. नंतर माझ्या मुलाच्या घरी मागच्या खोलीत राहत. त्या खोलीत सुटकेसी, व्यायामाची सायकल आणि विहीणबाई अशा तिन्ही वस्तू ठेवलेल्या असत. पाहुणे आले की सायकल जागेवर राही आणि विहीणबाईंची खाट हले.

एका दुपारी त्या डबा द्यायला आल्या (जेवणाचा). मी मेलेल्या रेडिओवर सराव करत होते. कथील चिकटायचे नाव घेत नव्हते. गोळी होऊन टेबलभर पळत होते.

“बाजूला व्हा, विहीणबाई,” त्या म्हणाल्या. “हात असा हवेत ठेवतात होय? कोपर टेका आधी.”

कोपर टेकल्यावर हात थांबला. मग मला कळले, की आधी जागा तापवायची आणि मग कथील लावायचे. मी उलटे करत होते. रेडिओवर हात बसल्यावर आम्ही खरा डबा उघडला. चिपेला पाय होते आणि दोन पायांमधले अंतर माझ्या चष्म्याच्या आवाक्याबाहेरचे होते. तारा लावल्या, बटण दाबले. पडदा काळा.

“गेला?” विहीणबाईंनी विचारले.

“धुगधुगी नाही.”

“मग उघडा परत. पोट उघडल्याशिवाय आत काय झालंय ते कळतं का?”

भिंगातून पाहिले तर दोन पाय कथलाने जोडले गेले होते. तांब्याची वेणी ठेवून, वरून आयर्न टेकवून ते कथील शोषून घ्यायचे असते. त्या खटाटोपात एक तार सुटली आणि आयर्न टेबलक्लॉथवर लवंडले.

कलम ४. नेमक्या त्या वेळी सूनबाई दारात. धूर, करपलेला टेबलक्लॉथ आणि त्यावर वाकलेल्या दोन म्हाताऱ्या. “अगं आई, तूसुद्धा?” असे तिने स्वतःच्या आईला विचारले. माझ्याबद्दल तिला विचारण्यासारखे काही उरले नसावे. तिने बाहेर जाऊन मुलाला फोन केला. दार बंद करायची तिला सवय नाही, त्यामुळे “डोक्यावर परिणाम” हे शब्द मला स्वच्छ ऐकू आले.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मुलगा डॉक्टरांना घेऊन आला. सोबत एक कागदही होता. घर त्याच्या नावावर करून द्यायचा. “काळजीपोटी, आई,” तो म्हणाला. मसुदा मी वाचला. टायपिंगच्या चुका फार होत्या.

डॉक्टरांनी वार विचारला, तारीख विचारली. मग शंभरातून सात, सात वजा करायला सांगितले. मी शेवटपर्यंत गेले. मुलगाही मनातल्या मनात करत होता, तो मध्येच अडकला हे त्याच्या बोटांवरून दिसले.

“आजी, हा सगळा पसारा कशासाठी?” डॉक्टरांनी विचारले.

“मासे पकडायला.”

मुलाने डॉक्टरांकडे जिंकल्यासारखे पाहिले. तेवढ्यात उघड्या डब्यावर वाकलेल्या विहीणबाई म्हणाल्या, “डॉक्टर, तो टॉर्च धरा. शेवटची तार राहिलीय.” आवाज शस्त्रक्रियेच्या खोलीतला होता. डॉक्टरांनी टॉर्च धरला. मी कोपर टेकले, श्वास धरला आणि तार लावली. परकी तबकडी आत सरकवली. बटण दाबले. पडदा काळा राहिला. मुलाने कागद पुढे सरकवला. मग वाजंत्री वाजली आणि पडद्यावर तळे आले.

 मुलगा खुर्चीवर बसला आणि म्हणाला, “बाबा असते तर...” आणि मग त्याने चष्मा पुसला. डॉक्टरांना दाखला लिहायला कागद सापडेना. मुलाने आणलेल्या कागदाची मागची बाजू कोरी होती, त्यांनी तिथेच लिहून दिला. तो सोबत जोडला आहे. कृपया योग्य बाजू वाचावी.

कलम ५. खेळ अत्यंत कंटाळवाणा निघाला. भाषा परकी, अक्षर एकही लागत नाही. होडीत बसायचे आणि गळाकडे बघायचे. विहीणबाई मात्र मासा नसतानाही “ओढा, ओढा!” ओरडतात. त्या दिवशी त्या एक डाव खेळून जाणार होत्या. काही दिवसांनी त्यांची खाटच इकडे आली. “दोन विहिणी एका घरात? लोक काय म्हणतील?” असे सूनबाई म्हणाली. लोक अजून काही म्हणालेले नाहीत. आम्ही वाट बघत आहोत.

कलम ६. माझे दागिने सूनबाईला. करपलेला टेबलक्लॉथही तिलाच, कारण त्याचा उल्लेख तीच सर्वांत जास्त करते. बँकेतील शिल्लक मुलाला. तो वाईट नाही, घाईत आहे. घरात विहीणबाईंनी हयातभर राहावे, त्यानंतर ते मुलाला मिळावे. तोवर ते कोणी विकू नये, भाड्याने देऊ नये, आणि कसलेही पाहुणे आले तरी विहीणबाईंची खाट कोणी हलवू नये.

कलम ७. साक्षीदारांत आपले नाव नाही, हे पाहून विहीणबाई आज भडकल्या. “चिमटा मी धरायचा आणि सही दुसऱ्यांनी करायची?” मी म्हटले, “ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये, म्हणून.”

“त्या आयर्नपायी?”

“नाही. घरापायी.”

 त्या आत जाऊन बराच वेळ भांडी घासत बसल्या. भांडी सकाळीच घासून झाली होती.

वरील सर्व मजकूर मी वाचून, चुका सुधारून, समजून-उमजून सही करीत आहे.

स्थळ : घरातले जेवणाचे टेबल
दिनांक : डॉक्टरांनी सहीखाली घातला आहे तोच

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिले : (सही) डॉक्टर. वाचता येत नाही, पण त्यांचीच आहे.

साक्षीदार दुसरे : (सही) दुरुस्तीवाले. यांना काहीही मिळत नाही, म्हणून पात्र.