आईची हिरवी साडी

प्रिय देवू,

"ताई, दुपारी आमचं जहाज नागावसमोरून जाईल. गच्चीवरून आईची हिरवी साडी हलव, मी भांडी आटोपून डेकवर येतो," असं तू सांगितलं होतंस.

साडी घेऊन मी जिन्यात पोचले, तोच शेजारच्या श्रद्धावहिनी आल्या. "कॅप्टनसाहेबांना निशाण दाखवताय वाटतं?" त्या हसल्या. सत्तेचाळिसाव्या वर्षी बँक सोडून तू जहाजावर स्वयंपाक्याच्या हाताखाली लागलास, हे माझ्या तोंडून निघेना. गावात मीच तुला अधिकारी करून ठेवलंय.

"छे हो, कपाट आवरतेय," म्हणाले, साडी परत ठेवली आणि त्यांना चहा केला. तेवढ्यात जहाज निघून गेलं.

लहानपणी मी शाळेच्या बोर्डिंगला निघाले की लाँच दिसेनाशी होईपर्यंत तू रेवसच्या धक्क्यावर टॉवेल हलवत राहायचास. तेव्हा कोण काय म्हणेल, हे तू कधी पाहिलं नाहीस.

संध्याकाळी तुझा मेसेज आला: "दिसली गं ताई! आमच्या कुकलाही दाखवली."

देवू, तू कुणाची साडी पाहिलीस, की मला वाईट वाटू नये म्हणून असं लिहिलंस? विचारायचं धाडस नाही, म्हणून हे पत्रही त्या साडीच्या घडीत ठेवतेय.

तुला न दिसलेली,
ताई