वळणावर कोण होतं

अनगोळ,
फाल्गुन शुद्ध पंचमी, शके १८५९

मष्णूला ज्योतिबाचा रामराम. आम्ही सगळी बरी हाय. तू, मनुबाई आन पोरंबाळं कशी हायसा ते चार ओळींत तरी कळव. भरमाची गाडी तुमच्या जांबोटीकडं निघालीया म्हणून पत्र त्याच्या हाती देतोय.

लिहायचं कारण असं की, गावची पळायची शर्यत परत सुरू करायचं ठरलंय. बारा वर्षांनी. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी. वाट तीच, वेशीपासून निघून मच्छे गावच्या वाटेवरच्या चिंचेला वळसा घालून परत. तालमीतली पोरं लई मागं लागलीती, पण कामं बघशील तर सगळी माझ्या डोक्यावर. दोन ठिकाणी पाण्याचे रांजण भरायचे, वाटेतले काटे झाडायचे, बैलगाड्या अडवायला माणसं लावायची. लष्कराच्या कँपातला एक कारकून परवा विचारायला आलता, बूट घालून पळलं तर चालंल का म्हणून. आपले मारुतीआप्पा म्हणाले, "चालंल की. पण बूट घालून माणूस सासुरवाडीला जातोय, शर्यतीला न्हाय." म्हातारा तालमीचा कारभार अजून सोडत न्हाय. ऐंशीला टेकला, पण जीभ विशीतलीच हाय.

तर तू ये. आदल्या दिवशीच ये, पुरणपोळीला. चिंचेखाली, वळणावर, कोणतरी जाणता माणूस पाहिजे. तिथं तू उभा राहावंस असं माझ्या मनात आलंय. जुनं काय असंल ते असू दे. माणसानं किती दिवस धरून बसायचं?

तुझा,
ज्योतिबा


अनगोळ,
फाल्गुन वद्य तृतीया

मष्णू, रामराम.

भरमानं तुझा निरोप तोंडी सांगितला. "वळणावर उभा राहून मी काय करू? बारा वर्षांमागं तिथं मी होतो का न्हाय, ते आधी गावानं ठरवावं." भरमा हसत हसत सांगत होता. मला हसू आलं न्हाय.

किती दिवस धरून बसायचं, असं मी तुला लिहिलं. ते लिहिताना मला लाज कशी वाटली न्हाय कुणास ठावं. धरून मी बसलोय, तू न्हाय.

तू तिथं होतास. माझ्या पुढं पंचवीस पावलं. वळसा घालणाऱ्याच्या कपाळाला भंडारा लावायचा आन ज्याच्या कपाळाला भंडारा न्हाय तो बाद, हा आपला नेम. परशराम गुरवानं आधी तुला लावला, मग मला. परत येताना ओढ्याला घोटाभर पाणी होतं. ऊन मी म्हणत होतं. तू वाकून डोक्यावर पाणी घेतलंस, तोंड धुतलंस आन सुटलास. ते बी मी बघितलं.

वेशीत तू पयला आलास, पण कोऱ्या कपाळानं. गुरव गाडीतनं आल्यावर मारुतीआप्पांनी त्याला विचारलं. त्याला धड दिसत नव्हतं. "एवढ्या कपाळांतलं कुठलं कुणाचं सांगू?" म्हणाला. मग पंच म्हणून आप्पा माझ्याकडं वळले. "ज्योतिबा, तू ह्याच्या मागं होतास. हा चिंचेला वळला का रं?"

मी म्हणलं, "माझी मान खाली होती, आप्पा."

एवढंच बोललो. हे काय खोटं न्हाय, अशी मनाची समजूत कितीतरी वर्षं घातली. खोटंच होतं ते. पयल्याचा पटका माझ्या डोक्याला बांधला आन तुला गावानं 'अर्धवाट्या' नाव ठेवलं. बाजारात, पाणवठ्यावर, मनुबाईच्या तोंडावर बी. शेवटी तिच्या माहेरची शेती बघतो म्हणून तू गाव सोडलंस. मी वेशीपर्यंत पोचवायला बी आलो न्हाय.

असं का केलं ते सांगतो, पण सबब म्हणून न्हाय. जयाबाईचे वडील त्या दिवशी वेशीत बसलेते. आमच्या सोयरिकीची बोलणी अडलीती. हरलेल्याला पोरगी कोण देणार, असं मला वाटलं. काल हे सगळं जयाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबवून म्हणाली, "बाबांनी होकार तर आदल्या दिवशीच दिलाता. तुमच्या आईला म्हाईत होतं. पोरगं हुरळून पळायचं सोडंल, शर्यत झाल्यावर सांगू म्हणल्यात्या. तुम्हाला पुढं कळलं असंलच, असं मी धरून चाललेते." रातच्याला ताट माझं मलाच वाढून घ्यायला लावलं.

म्हणजे तुझं नाव घालवून मी काय मिळवलं सुद्धा न्हाय, मष्णू. जे मिळायचं ते आधीच मिळालेलं होतं.

आता मागच्या शर्यतीचा पयला म्हणून निशाण माझ्याच हातानं हलवायचं ठरलंय. तिथं सगळ्यांपुढं मी हे सांगणार हाय. तुला आधी कळावं म्हणून लिहिलं. भ्या वाटतंय.

ज्योतिबा


अनगोळ,
चैत्र शुद्ध चतुर्थी, शके १८६०

मष्णू, रामराम.

शर्यत झाली. एकोणतीस गडी पळाले. पयला आला तो परगावचा, सदलग्याचा. आपल्या तालमीतल्या पोरांची तोंडं एरंडेल प्याल्यागत झालीती.

निशाण हातात घेतलं आन सांगितलं. चार दिवस पाठ करत होतो, ते ऐन वेळी सगळं विसरलो. "मष्णू चिंचेला वळला होता. मी बघितलंतं. मी खोटं बोललो." इतकंच तोंडातनं निघालं. कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मारुतीआप्पा काठी टेकत उठले. माझ्या हातातलं निशाण काढून घेतलं. म्हणाले, "पंच मी होतो, चूक माझी बी हाय. तू जा, चिंचेखाली उभा राहा. आन ह्या खेपेला मान वर ठेव."

उन्हात उभा राहिलो. वळणाऱ्या प्रत्येकाचं नाव मोठ्यानं घेतलं, माझ्यासंगं आणिक दोघं घेत होते. भंडाऱ्याचा नेम आता बंद केलाय. शेवटचा गडी वळून गेला तरी मी तिथंच थांबलो. जांबोटीची माणसं तिकडनंच येतात. तू येशील असं उगंच वाटत होतं. ऊन उतरेपर्यंत वाट बघितली.

संध्याकाळी तालमीत गेलो. पयल्या आलेल्यांची नावं भिंतीवर गेरूनं लिहितात, ते तुला ठावं हाय. आप्पांनी चुन्याचं बोळकं माझ्यापुढं सरकवलं. चुना फासून माझं नाव मीच पुसलं आन तिथं गेरूनं तुझं लिहिलं. दुसऱ्याचं नाव लिहायची आपल्यात रीत न्हाय, त्यामुळं त्या भिंतीवर मी आता कुठंच न्हाय. घरी येऊन पोटभर जेवलो. जयानं दोनदा वाढलं.

तू ये, असं म्हणायचा हक्क मला उरला न्हाय. पण कधी बाजाराला आलास तर मनुबाईला संगं घेऊन तालमीत जा आन ते नाव तिला वाचून दाखव. माझं घर टाळून जायची बी वाट हाय.

तुझ्यामागनं दुसरा आलेला,
ज्योतिबा