नवख्याला मिळालेले आभार

प्रति,
मा. प्राचार्य,
कै. गोपिकाबाई स्मृती महाविद्यालय,
प्रताप नगर, नागपूर.

विषय : ज्ञानकोश कार्यशाळा अर्जदाराकडे परत देणे, तसेच आभार वर्ग करणेबाबत.
संदर्भ : कार्यशाळेची दि. ३ नोव्हेंबर २०२५ ची सूचना, जिच्यात अर्जदाराचे नाव नाही.

महोदय,

अर्जदार केशव पांढरीपांडे, ग्रंथालय सहायक, सविनय निवेदन करतो की,

१. ऑनलाइन ज्ञानकोशात लेख कसा लिहावा, हे नवख्या विद्यार्थ्यांना दर शनिवारी शिकवण्याचे काम अर्जदार नऊ वर्षे विनातक्रार करीत आला. यंदा ते प्रा. चारुशीला यांच्याकडे गेले. त्यांना रुजू होऊन चार महिनेही झालेले नाहीत. अर्जदाराच्या वर्गात पाच मुले असत आणि ती घड्याळ पाहत. बाईंच्या वर्गात खुर्च्या कमी पडतात. तिथला हशा थेट ग्रंथालयात ऐकू येतो, आणि ग्रंथालयात शांतता राखणे हे अर्जदाराचे कर्तव्य आहे. अर्जदाराचा जळफळाट होतो, हे तो लपवीत नाही.

२. कामठीची विद्यार्थिनी अपेक्षा हिला गेल्या वर्षी सरावाच्या पानावर, म्हणजे धूळपाटीवर, पहिले वाक्य अर्जदारानेच लिहायला लावले. पुढे तिने हातमागावर लेख लिहिला आणि संदर्भाच्या जागी टाकले, "माह्या आजीनं सांगतलं." अर्जदाराने तो नियमानुसार तीनदा खोडला. ती बाईंकडे गेली. बाई एवढेच म्हणाल्या, "छान लिहिलंस. आता हे कुठे छापलंय ते शोधू." एवढ्यावर मुलगी त्यांची झाली.

३. बाईंच्या चुका पकडाव्यात म्हणून अर्जदाराने 'नवखा' या नावाने दुसरे खाते उघडले. हे नियमात बसत नाही. तो नियम अर्जदारानेच दरवर्षी फळ्यावर लिहून दिलेला आहे. चूक एकही सापडली नाही. मात्र अपेक्षाचा लेख संदर्भावाचून अडलेला दिसला, आणि विणकर संस्थेची हवी ती जुनी स्मरणिका अर्जदाराच्याच तीन नंबरच्या कपाटात होती. बाईंच्या आधी आपण पोचावे, या ईर्षेने अर्जदाराने नवख्याच्या नावाने तो संदर्भ जोडला.

४. अपेक्षाने ज्ञानकोशावर नवख्याला आभार पाठवले. दुसऱ्या दिवशी पुस्तक परत करताना ती अर्जदारास म्हणाली, "सर, तो नवखा कोण आहे काय माहीत. पण तुमच्यावानी खोडून नाही राहिला, मले शोधून देऊन राहिला." अर्जदाराने पुस्तकावर शिक्का मारला.

५. नऊ वर्षांत अर्जदारास मिळालेले हे एवढेच आभार, आणि तेही त्याच्या नावावर नाहीत. सांप्रत अर्जदार बाईंपेक्षा नवख्यावर अधिक जळतो.

तरी कार्यशाळा बाईंकडे राहिली तरी चालेल, परंतु सदर आभार नवख्याच्या नावावरून कमी करून अर्जदाराच्या नावे वर्ग करण्यात यावेत. ते शक्य नसल्यास येत्या शनिवारी बाईंच्या वर्गात मागच्या बाकावर बसण्याची परवानगी नवख्यास मिळावी. त्याला अजून पुष्कळ शिकायचे आहे.

आपला, दोन्ही नावांनी नम्र,
केशव पांढरीपांडे
दि. २४ नोव्हेंबर २०२५

सोबत : लेखाच्या इतिहासाची, म्हणजे कोणी काय बदलले त्या नोंदीची, छापील प्रत. तीत खोडणारा आणि जोडणारा, दोघेही अर्जदारच.