नऊ मीटरचा रस्ता

मी भागम्मा, अण्णाराव शेटे यांची विधवा, वय अडुसष्ट, राहणार पालम, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला जोडला आहे. मी शाळेत गेले नाही. आमच्या किराणा दुकानात पुड्यांसाठी येणाऱ्या रद्दीतल्या जाहीर नोटिसांची अक्षरे लावत लावत वाचायला शिकले. भाषा कोरडी वाटली तर ती तिथली समजावी. माझ्यावर कोणाची बळजबरी नाही. ज्यांनी करून पाहिली त्यांची नावे पुढे येतील.

१. राहते घर भांड्याकुंड्यासह सुकेशनी हिला द्यावे. ती अकरा वर्षे मागच्या खोलीत भाड्याने राहते. मी आजारी पडले तेव्हा मुलाने फोन केला, हिने पेज केली. अट एकच: मला कलम ४ प्रमाणे माती द्यावी. ती बौद्ध आहे, आमची रीत तिची नाही. म्हणूनच ती लिहिल्याबरहुकूम करील, सोयीप्रमाणे नाही.

२. घरे बघण्याची माझी वहीही तिलाच. अण्णाराव आणि मी मिळून नऊ जुनी घरे घेतली, दुरुस्त केली आणि विकली किंवा भाड्याने दिली. घर वैशाखात बघावे, कारण श्रावणात सगळ्याच बोअरला पाणी असते. पाणी तोंडात धरून बघावे. मालकाला काही विचारू नये, शेजारणीला विचारावे. एकाच भिंतीला नवा रंग असेल तर ओल तिथेच आहे.

३. माझी मोजायची फीत धाकटे दीर रुद्रेश यांना द्यावी. त्यांना स्वतःची नजर नव्हती. मी एखादे घर दोनदा बघितले की तिसऱ्या दिवशी ते आमच्यापेक्षा जास्त इसार देऊन मोकळे होत. चारचौघांत म्हणायचे, "वहिनी बघून गेल्या की मी घर बघायलाच जात न्हाई." मग मी मचूळ पाण्याचे एक घर तीनदा बघितले, आणि निघताना ओट्यावर बसून हसले. ते घर अजून त्यांच्याकडेच आहे. भाडेकरू टिकत नाही.

त्याचा सूड त्यांनी भावावर घेतला. अण्णाराव नांदेडला दवाखान्यात होते. ऑपरेशनसाठी मी मंडीमागचे घर दत्तरावांना विकायला काढले. ते घर अण्णारावांच्या कमाईचे होते. तरी रुद्रेश यांनी वडिलोपार्जित हिस्सा सांगून पेपरात हरकत छापली. दत्तराव थांबले. कोणीही थांबला असता. नवव्या दिवशी अण्णाराव गेले. माती झाल्यावर दुसऱ्या दिवशी हरकत मागे घेतल्याची नोटीस पेपरात आली. ती नोटीस मी वाचली. वाचायला शिकल्याचा पस्तावा तेवढा एकदाच झाला.

४. गंगाखेड रस्त्याला लागून आमची चाळीस फूट रुंदीची पट्टी आहे. तिच्या मागे रुद्रेश यांची तीन एकर. तिथे प्लॉट पाडायला नऊ मीटरचा रस्ता दाखवावा लागतो. मागे ओढा, दोन्ही बाजूंना घरे. पट्टीशिवाय वाट नाही. आम्हा लिंगायतांत जाळत नाहीत, बसवून पुरतात, आणि समाधी असलेली जागा कोणी घेत नाही. म्हणून मी अण्णारावांना त्या पट्टीत बसवले. आयुष्यभर दुसऱ्यांची घरे मोजली, त्या दिवशी माप घेतले नाही. उन्हाचे दिवस होते. त्यांना सावली असावी म्हणून उत्तरेच्या लिंबाखाली जागा दाखवली.

महिन्याने रुद्रेश फीत घेऊन आले. "दादाला धक्का लागत न्हाई वहिनी. तीस फूट मोकळी हाय. रस्त्याला साडेएकोणतीस लागतात." हसले. तेव्हापासून ते माझ्या मरणाची वाट बघत आहेत.

ती चूक मी दुरुस्त करते. दक्षिणेच्या हद्दीच्या दगडापासून पंधरा फुटांवर माझी समाधी असावी. जंगमस्वामींना सांगून मला अण्णारावांकडे तोंड करून बसवावे. लिंबाची सावली तिथवर येत नाही. चालेल.

५. ही पट्टी माझा एकुलता मुलगा राजेश्वर याला देते. तो पुण्याला असतो, काकांशी रोज बोलतो. मागच्या दिवाळीत म्हणाला, "आई, काका भाव चांगला द्यायलेत. जागा पडूनच हाय."

मी म्हणाले, "पडून न्हाई. तुझे बाबा बसलेत तिथं."

तो म्हणाला, "एका बाजूलाच हायेत ना."

वकील म्हणतात, मुलाने विकू नये अशी अट घातली तरी कोर्टात टिकत नाही. मी घालत नाही. राजेश्वरने खुशाल विकावी. घेणारा जागा मोकळी करून मागेल, एवढे लक्षात ठेवावे. मागच्या खोलीत कुदळ आहे, तीही त्यालाच देते. दांडा नवा बसवून घेतला आहे. बाबांना हलवायची गरज नाही, रस्त्यात फक्त मी आहे.

साक्षीदार, माझ्यासमोर सही केलेले:
१) दत्तराव, कलम ३ मधले. त्यांच्यावर राग नाही.
२) पंडित, कापड दुकानदार, शेजारी.

सही: भागम्मा अण्णाराव शेटे
पालम, दिनांक ९ मे २०२५